कडी घातली त्यानं सावली द्यावी

मार्च संपत आला की आमच्या पेठ वडगावात दोन गोष्टी हमखास होतात. दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, ही एक. आणि कुणाच्या ना कुणाच्या घरी गिनीपिग येतात, ही दुसरी. परीक्षा आटोपत आलेल्या असतात, पोरं घर डोक्यावर घेतात, हातातला मोबाईल सुटत नाही. मग एखादा मामा, काका किंवा वैतागलेले बाबा कोल्हापूरला जातात आणि येताना पुठ्ठ्याच्या खोक्यातून एक जोडी घेऊन येतात. खोक्याला चार भोकं पाडलेली. "ह्यास्नी काय लागत न्हाई बघा, गवत टाकलं की झालं" हे विकणाऱ्याचं वाक्य. संगोपनाचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात संपतं.

मग मे उजाडतो. एक दिवस दुपारी त्यातलं एक आडवं पडलेलं सापडतं. पोरं रडतात, आई परसात खड्डा काढते, आणि शेजारीपाजारी समजूत घालतात, "लई नाजूक जात हो ही. जगत न्हाई आपल्याकडं."

मंडळी, आजची पोस्ट या "नाजूक जात" शब्दांबद्दल आहे. या शब्दांचा मला राग येतो. कारण त्यात मेलेल्यावरच ठपका ठेवलाय. तोच नाजूक होता, आम्ही काय करणार! आत्या, तू खाली काय लिहिणार आहेस ते मला आत्ताच माहितीये. पण आधी पूर्ण वाच, मग लिही. :-)

आधी हा प्राणी कोण ते बघू. नाव तर पूर्ण फसवं. गिनी देशाचा नाही आणि डुक्कर तर मुळीच नाही. हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, पेरू-बोलिव्हियाकडचा कुरतडणारा प्राणी. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला आणि तिथून जगभर. त्याचे रानातले भाऊबंद उंच गवतातून बोगद्यासारख्या वाटा काढून राहतात. पहाटे आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडतात, बाकी वेळ दडून बसतात. म्हणजे थंड डोंगराळ हवा, गवताची सावली आणि भर दुपारी लपायला जागा, हे त्याचं मूळ घर.

त्याला साधारण १८ ते २४ अंश तापमान मानवतं. २७-२८च्या वर गेलं की त्रास सुरू होतो. तिशी ओलांडली की धोका. आता आपल्याकडचं बघा. कोल्हापूर भागात एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३७-३८पर्यंत सहज जातो, एखादे दिवशी चाळिशीलाही टेकतो. आणि पेपरात येतो तो आकडा सावलीतला असतो बरं का. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या, हवा खेळती राहणाऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तुमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नाही.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर "आम्हाला पण गरम होतंच की" इथंच गाडी अडते. गिनीपिगच्या अंगाचं तापमान साधारण ३८-३९ अंश असतं. खोलीतली हवा ३८ला गेली की अंगातली उष्णता हवेत सोडायची वाटच बंद होते, कारण हवाही तितकीच तापलेली. अशा वेळी आपल्याला घाम वाचवतो. घाम वाळताना अंग गार पडतं. गिनीपिगला असा घाम येत नाही. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं, तेही याला धड जमत नाही. उंदीर निदान शेपटीतून थोडी उष्णता बाहेर टाकतो. याला शेपूटही नाही. अंगावर दाट केसांचा कोट, तो काढून ठेवता येत नाही. वजन जेमतेम किलोभर. एवढासा जीव तापायला वेळ लागत नाही. उरला एकच मार्ग, पोट एखाद्या गार जागेला टेकवून पडणं. आणि आपण त्याला ठेवतो कुठं? लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, स्टुलावर, खिडकीपाशी. "हवा लागते ना तिथं!"

अंगच्या उष्णतेवरून आठवलं. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन शास्त्रज्ञांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगाच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचं संथ ज्वलनच आहे, हे त्या प्रयोगांतून पुढे आलं. प्रत्येक जिवंत अंगात एक शेगडी सतत पेटलेली असते, हे माणसाला ज्याच्याकडून कळलं, त्याच जनावराला आपण एप्रिलमध्ये पत्र्याखाली ठेवतो आणि मेलं की म्हणतो, कशानं मेलं कुणास ठाऊक!

आता फॅनबद्दल. "आम्ही फॅन लावतो की" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की पुरे. फॅन हवा गार करत नाही, नुसती हलवतो. आपल्याला फॅनखाली बरं वाटतं ते घाम लवकर वाळतो म्हणून. ज्याला घामच नाही, त्याच्या अंगावर ३८ अंशांची हवा फेकून काय होणार? गरम हवाच जोरात लागणार. फॅनचा उपयोग होतो, पण तो ओल्या कापडाच्या जोडीनं. त्याकडे येतेच पुढे.

आता ठरलेले आक्षेप एकेक घेऊ. घरचेच आहेत, त्यामुळे सगळे तोंडपाठ आहेत.

आक्षेप पहिला : "पूर्वी कुठं होते असले लाड? जनावरं आपली आपण जगत होती."

साफ खोटं. मी तर म्हणते, उन्हाळ्यात जनावर कसं सांभाळावं हे आपल्या भागाला शिकवायला कुणी परदेशातून यायची गरजच नाही. म्हैस बघा. काळी कातडी, घाम कमी. म्हणून उन्हाळ्यात तिला नदीला, तळ्याला, ओढ्याला नेऊन डुंबू द्यायचं. पाणी लांब असेल तर गोठ्यातच बादल्या ओतायच्या, अंगावर ओलं गोणपाट टाकायचं. गोठ्याच्या छपरावर उसाचं पाचट घालायचं. बैलाला भर दुपारी औताला धरायचं नाही. भर उन्हात म्हैस बांधलेली दिसली तर रस्त्यानं जाणारा परका माणूससुद्धा धन्याला चार शब्द सुनावतो. म्हशीला कुणी "नाजूक जात" म्हणत नाही. म्हैस तापते, तिला पाणी लागतं, आणि ते देणं धन्याचं काम, एवढा साधा हिशेब आहे.

मग हाच हिशेब गिनीपिगपाशी का थांबतो? मला वाटतं, म्हैस दूध देते म्हणून. म्हैस गेली तर लाखभराचा फटका. गिनीपिग गेला तर दुसरा आणता येतो. कटू आहे, पण खरं आहे. म्हणजे समज होती, ज्ञान होतं, सवय होती. किंमत कमी म्हणून आपण ते वापरलं नाही. याला अज्ञान म्हणू नका प्लीज.

आणि "आपली आपण जगत होती" ते मोकळं जनावर. गल्लीतलं कुत्रं बघा. दुपारी ते नळाशेजारी ओल्या मातीत खड्डा करून पडतं, उभ्या ट्रॉलीखाली जातं. मांजर तर घरातली सगळ्यात गार फरशी आपल्याआधी शोधून ठेवतं. त्यांना सावली शोधायचा हक्क शाबूत आहे. पिंजऱ्यात घातलेल्या जिवाचा तो हक्क आपण काढून घेतलेला असतो. बाहेरून कडी आपण घातली. आता सावली कुणी शोधायची? ज्यानं कडी घातली त्यानं. यात भूतदयासुद्धा आणायची गरज नाही, हा नुसता व्यवहार आहे. त्याचं पळणं तुम्ही घेतलंत, तर त्याच्या बदल्यात गारवा द्या.

आक्षेप दुसरा, आणि हा जरा वजनदार आहे : "आवं, माणसं उन्हात राबायल्यात आन् तुला उंदराचं पडलंय!"

हे मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या आसपास ऊसतोडीची माणसं हंगाम संपेपर्यंत फडात असतात, पालात राहतात. रस्त्याच्या कामावर डांबर ओतणारे असतात. त्यांच्या उन्हाबद्दल बोललंच पाहिजे. पण मला एक सांगा, पिंजरा खिडकीतून उचलून आतल्या खोलीत फरशीवर ठेवला, तर कुठल्या मजुराच्या वाट्याची सावली कमी होते? कळवळा म्हणजे काही रेशनचं धान्य नव्हे, एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी व्हायला. उलट माझा अनुभव असा आहे की "माणसं मरायल्यात" म्हणणारे लोक माणसांसाठीही माठभर पाणी दारात ठेवत नाहीत. (सन्माननीय अपवाद आहेत. काका, तुम्ही ठेवता, माहितीये मला.)

आणि खरं तर दोन्हीकडे नियम एकच लागतो. १६ एप्रिल २०२३ला खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो लोक मोकळ्या मैदानात बसले होते. त्या दिवशीच्या उष्माघातानं १४ माणसं गेली. पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. चाळीसच्या आतलं ऊनही जीव घेतं, दमट हवेत तर जास्तच. आणि जिथून सहज उठून जाता येत नाही अशा जागी कुणाला बसवायचं असेल, तर आधी डोक्यावर छप्पर बघायचं. माणूस असो की मुठीएवढा प्राणी, बसवणाऱ्याचं काम तेच.

आक्षेप तिसरा : "पोरांना जबाबदारी कळते, प्राण्यांची माया लागते."

माया लागते, मान्य. पण जबाबदारी कळते का? दहा वर्षांच्या पोराला प्राणी आणून द्यायचा, उन्हाळ्यात त्याचं काय करायचं ते सांगायचं नाही, आणि मेल्यावर "जाऊ दे, दुसरा आणू" म्हणायचं. यातून पोर काय शिकतं? जीव म्हणजे रिचार्जसारखा, संपला की नवा मारायचा, हेच शिकतं ना? पोराला खरंच जबाबदारी शिकवायची असेल तर एक साधा तापमापक आणून पिंजऱ्याच्या उंचीवर टांगा आणि वहीत रोज चार वेळा आकडा लिहायला लावा. सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. आठवड्यात त्या पोराला आपल्या घराबद्दल जे कळेल ते घर बांधणाऱ्या गवंड्यालाही माहीत नसेल. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर संध्याकाळी ऊन कलल्यावरही गरमी कमी होत नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. "आता ऊन गेलं" म्हणून ओला पडदा काढून ठेवणारे इथंच फसतात. वहीतला रात्री आठचा आकडा हे दाखवून देतो.

आता उपाय. इथे माझं दुसरं भांडण आहे, ते परदेशी सल्ल्यांशी. तिकडचे लोक सांगतात, एसी सुरू ठेवा. ठीक आहे, ज्यांच्याकडे आहे त्यांनी ठेवा. पण आपल्याकडे नेमकी दुपारी लाईट गेली की काय? ज्याच्या उपायाचा सगळा भार विजेवर, त्याचा उपाय वळवाच्या पहिल्या वाऱ्याला संपतो. आपल्याला लाईट नसताना चालणारे उपाय हवेत, आणि ते आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत.

जागा. तळमजला, उत्तरेकडची किंवा घराच्या पोटातली खोली. पिंजरा स्टुलावर नको, खाली ठेवा. गार हवा खाली राहते. शहाबादी फरशी असेल तर उत्तम. जुन्या मातीच्या, कौलारू घरात राहणाऱ्यांनी स्वतःला नशीबवान समजावं. पत्र्याखाली, गच्चीवर, बाल्कनीत अजिबात नाही. काचेच्या फिशटँकमध्ये तर कधीच नाही, ती भट्टी होते. सकाळी सावली असलेल्या खिडकीत दुपारी ऊन येतं, हे आपण विसरतो. सूर्य विसरत नाही.

फरशी. पिंजऱ्यात शहाबादी किंवा कडप्प्याचा एक तुकडा ठेवा. गवंड्याकडे फुकट मिळतो. पोट टेकवायला गार जागा म्हणतात ती हीच.

माठ. फुटका माठ टाकू नका. तोंडाकडून फुटलेला माठ किंवा मातीची मोठी कुंडी घ्या, कडा घासून बोथट करा, तासभर पाण्यात भिजवा आणि पिंजऱ्यात आडवी ठेवा. पाणी माठातून पाझरून वाळतं म्हणून आत गारवा राहतो. आपण पाणी गार करतो तेच तत्त्व. शिवाय त्याला लपायला घर मिळतं, जे त्याला जिवापाड हवं असतं. अशा दोन कुंड्या ठेवा, एक आत, एक भिजत.

गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा. खिडकीला ओला करून लावा, लाईट असेल तर त्याच्या बाजूनं फॅन सोडा. आता फॅनचा उपयोग झाला बघा. फक्त पिंजऱ्यावर ओलं कापड चारी बाजूंनी गुंडाळू नका. हवा कोंडली की आत वाफारा होतो. आणि हा उपाय कोरड्या हवेतला. मे महिन्यात वळवाच्या आधी हवा दमट झाली, अंग चिकचिकायला लागलं की ओलं गोणपाट फारसं काम करत नाही. तेव्हा फरशी आणि बाटली.

बाटली. प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून फ्रीजरमध्ये गोठवा आणि जुन्या धोतराच्या किंवा पंचाच्या फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा. उघडी नको. त्याला जवळ यायचं तर येऊ दे, लांब जायचं तर जाऊ दे. दोन बाटल्या असल्या की आलटून पालटून दिवस निघतो.

पाणी आणि चारा. पाण्याची दोन भांडी, दिवसातून दोन-तीनदा बदललेलं पाणी. मुख्य अन्न वाळलेलं गवत, ते कायम हवं. सोबत काकडी, कोथिंबीर, सिमला मिरचीचा तुकडा. इथं एक गंमत सांगते. आपल्यासारखंच गिनीपिगलाही अंगात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. १९०७ साली नॉर्वेत हॉल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला, आणि त्या रोगाचं कोडं सुटायला सुरुवात झाली. तेव्हा हिरवं रोज हवंच. पाण्यात थेंब टाकून काम भागत नाही, ते जीवनसत्त्व पाण्यात टिकत नाही. उन्हाळ्यात हिरवं लवकर सडतं, म्हणून उरलेलं तासा-दोन तासांनी काढून टाका.

आणि दुपारी त्याला हातात घेऊन खेळायचं नाही. लांब केसांचा असेल तर केस थोडे कापा. गाभण मादीला सगळ्यात जास्त जपा. तिचा काळ साधारण दोन महिन्यांचा असतो, मार्चमध्ये "जोडी" आणली की मे महिन्यात ती नेमकी भरलेल्या पोटानं उन्हात सापडते. एकट्याला ठेवू नये हे बरोबरच आहे, कळपातला प्राणी आहे तो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८च्या नियमांनुसार एकटा गिनीपिग पाळता येत नाही. पण सोबत म्हणजे नर-मादीच कशाला? दोन माद्या ठेवा.

त्याला ऊन लागलं हे कसं ओळखायचं? अंग सैल टाकून लांब पडतो, श्वास भराभर चालतो, तोंडाशी लाळ येते, हलवलं तरी उठत नाही. तेव्हा बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. घाबरून सगळे तेच करतात. एकदम गारठा दिला की शरीराला धक्का बसतो. आधी गार जागी न्या, साध्या माठातल्या पाण्यानं ओल्या केलेल्या फडक्यानं कान आणि पाय पुसा, अंग थोडं ओलं करा, वारा घाला. शुद्धीत असेल तरच तोंडाजवळ पाणी धरा, घशात ओतू नका. आणि लगेच डॉक्टर. आपल्या भागातले बरेच डॉक्टर गाई-म्हशींत मुरलेले, एवढ्याशा जिवाची त्यांना सवय नसते. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते इथून दीडशे किलोमीटरच्या वर. कोल्हापुरात लहान प्राणी बघणारा डॉक्टर कोण, हे मार्चमध्येच विचारून नंबर लिहून ठेवा. मेच्या दुपारी शोधाशोध करायला वेळ नसतो.

बघा, या सगळ्याचा खर्च काढा. फुटका माठ, फरशीचा तुकडा, दोन रिकाम्या बाटल्या, जुनं गोणपाट. शंभर रुपयेही होत नाहीत. म्हणजे "परवडत नाही" हे कारणच उरत नाही. उरतं ते एवढंच की कुणी विचार केला नाही.

"कायदा नाही का?" असं एका ब्लॉगर मैत्रिणीनं विचारलं होतं. आहे की! प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं हाही गुन्हा. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला १० ते ५० रुपये, आणि पुढे कित्येक दशकं तो तसाच राहिला. पन्नास रुपयांत कोल्हापुरात मिसळ येत नाही हो! २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम आले, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची झाली. तेव्हा विकत घेताना नोंदणी आहे का, एवढं तरी विचारा. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं की विकणाराही सुधारतो, हा बाजाराचा नियम वडगावकरांना मी काय सांगायचा! बाजारावर तर आपलं गाव उभं आहे.

मी विकणाऱ्यांवर सगळा दोष टाकत नाही. त्याला पोट आहे. पण बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खोडी विचारतो. आणि गिनीपिग घेताना फक्त रंग बघतो, पांढरा की तांबडा. गिऱ्हाईक म्हणून आपण इतके बावळट कधीपासून झालो?

आणखी एक कर्ज आहे आपल्यावर, ते सांगून थांबते. मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूटची जागा आहे, १८९९पासून तिथं प्लेगवर संशोधन सुरू होतं. १९०५ नंतर प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. उंदरांवरच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि ते प्लेगनं मेले. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे पक्कं व्हायला अशा प्रयोगांची मदत झाली. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी प्लेगच्या भीतीनं गावं सोडून माळावर खोपटी घातली होती. त्या रोगाचं कोडं सोडवताना हेच "नाजूक" जीव कामी आले. मुद्दाम मरायला पाठवलेले. त्यातून निदान माणसांचे प्राण वाचले. आपल्या खिडकीत जो मरतो, त्यातून कुणाचं काय वाचतं?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. मार्च ते जून कुणीही कुणालाही गिनीपिग भेट देऊ नये. वाढदिवस असला तरी नाही, पोरगं पहिलं आलं तरी नाही. सगळ्या मामा-काकांना उद्देशून बोलतेय. पाऊस लागू दे, हवा गार होऊ दे, पिंजऱ्याची जागा ठरू दे, पोराच्या वहीत महिन्याभराचे आकडे होऊ देत. घरात त्या खोलीचा पारा उन्हाळ्यात कुठवर जातो ते आधी कळू दे. तिथं तिशीच्या आत ठेवणं जमणारच नसेल, तर प्राणी आणू नका. पोराला सायकल द्या, चित्रांचं पुस्तक द्या, दारात मातीच्या भांड्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवायचं काम द्या. चिमणी उन्हात मरत असेल तर ती उडून सावलीत जाऊ शकते, तिला कडी नाही.

आणि ज्यांच्या घरी आधीच आहेत, त्यांनी ही पोस्ट बंद केल्यावर उठून आधी पिंजरा कुठे आहे ते बघा. दुपार असेल तर आत्ताच. कमेंट नंतर टाकलीत तरी चालेल.